मीटर कोणाच्या हाती?

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून लिहून दिला आहे.)



आम्ही काही विद्वान नव्हे. गिरणीच्या साचेखात्यात आयुष्य गेलं. दहावी रात्रशाळेत केली आणि पुढे जे काही शिकलो ते वाचनालयात बसून, विचारून आणि चुकून शिकलो. तेव्हा बोलण्यात काही कमीजास्त झाले तर सांभाळून घ्यावे. पटले नाही तर कार्यक्रम झाल्यावर चहाच्या वेळी तोंडावर सांगावे. आम्हाला राग येत नाही.

आजचा विषय समितीनेच दिला आहे. आपल्या युवा मंडळाने गेल्या महिन्यात एक सूचना मांडली. अभ्यासिकेत येणाऱ्या प्रत्येक मुलामुलीने मोबाईलमध्ये सवयींची नोंद ठेवणारे एक ॲप घ्यायचे. रोज किती अभ्यास केला ते त्यात भरायचे. ॲप गुण देणार, सलग किती दिवस अभ्यास झाला तो आकडा दाखवणार. ज्याचा आकडा मोठा त्याचे नाव विहाराच्या फळ्यावर, आणि वर्षअखेर पहिल्या तिघांना बक्षीस. सूचना चांगल्या हेतूने आली आहे, तिला आम्ही वाईट म्हणणार नाही. पण समितीत दोन मते पडली. मग अध्यक्ष म्हणाले, "तुम्ही स्वतः दीड वर्ष अशाच ॲपच्या नादी लागला होता, तुम्हीच चार शब्द बोला." म्हणून आम्ही इथे उभे आहोत.

ज्यांना ही भानगड ठाऊक नाही, विशेषतः आमच्या वयाच्या मंडळींना, त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो. पूर्वी आपण भिंतीवरच्या कालनिर्णयवर दुधाचे खाडे लिहीत होतो. कोणत्या तारखेला दूध आले नाही, तिथे फुली. ही ॲप म्हणजे तसेच कॅलेंडर, फक्त खिशातले आणि बोलके. चालणे, वाचन, पाणी पिणे, पैसे वाचवणे, व्यसन सोडणे, जी सवय लावायची ती त्यात घालायची. रोज केले की खूण करायची. एवढ्यावर ते थांबत नाही. त्याला खेळाचे रूप दिलेले असते. गुण मिळतात, बिल्ले मिळतात, सलग दिवसांचा आकडा आगीच्या ज्योतीशेजारी चमकतो. खाडा झाला की आकडा शून्यावर.

नावे घेऊन सांगायचे तर ड्युओलिंगो नावाचे भाषा शिकवणारे ॲप आहे. २०१२ साली ते सर्वांसाठी खुले झाले. त्यात हिरवे घुबड आहे. धडा केला नाही की ते आठवण करते, रुसते. कांस्यपासून हिऱ्यापर्यंत दहा पायऱ्या आहेत. दर आठवड्याला वर चढायचे नाहीतर खाली घसरायचे. दुसरे हॅबिटिका. ते २०१३ साली आले. त्यात तुमच्या नावाचा एक बाहुला असतो. तुम्ही रोजचे काम चुकवले की त्या बाहुल्याचा जीव कमी होतो. दोस्तांचा गट करून एखाद्या राक्षसाशी लढत असाल, तर तुमच्या खाड्याचा मार सगळ्या गटाला बसतो.

हे पहिल्यांदा ऐकले तेव्हा आम्हाला हसू आले. मग वाटले, अरे, हे तर आम्ही पाहिलेले आहे!

१९८८ साली आम्ही बदली कामगार म्हणून गिरणीत लागलो, तेव्हा वय एकोणीस. प्रत्येक साच्याला एक छोटे मीटर असायचे. धोटा इकडून तिकडे गेला की आकडा पुढे. पाळी संपली की मीटर वाचून वहीत लिहायचे आणि त्यावर मजुरी निघायची. आता बांधवांनो, हे मीटर चांगले की वाईट? आमच्या आधीच्या पिढीतले जुने विणकर सांगायचे, मीटर नसते तर जॉबरच्या तोंडाकडे बघावे लागले असते. तो म्हणेल तेवढे काम, तो म्हणेल तेवढा पगार. मीटर होते म्हणून कामगाराला बोट ठेवून सांगता येत होते की एवढे काम माझे, याची मजुरी द्या. हा मीटरचा फायदा, आणि तो लहान नव्हे.

पण त्याच मीटरने माणसाला पळवलेही. शेजारच्या साच्याचा आकडा पुढे गेला की जीव कासावीस व्हायचा. लघवीला जायचे तरी मीटरकडे बघून. त्यात हजेरी भत्त्याची भर. महिनाभर एकही खाडा नाही तर चार पैसे जास्त, एक खाडा झाला की सगळा भत्ता गेला. एकोणतीस दिवसांची हजेरी धुऊन निघायची. मग माणसे अंगात ताप घेऊन पाळीला उभी राहायची. आम्हीही राहिलो आहोत.

तेव्हा युनियनच्या सभेत एक प्रश्न आम्ही शिकलो. मीटर दिसले की विचारायचे, हे मीटर कोणाचे? आकडा कोण वाचतो, आणि वाचून काय करतो? हाच प्रश्न आज ह्या ॲपलाही विचारायचा आहे. आमचे सगळे बोलणे एवढ्याच एका प्रश्नावर आहे.

प्रथम फायदे सांगतो, कारण फायदे आम्ही स्वतः घेतले आहेत.

गिरणी बंद झाल्यावर आम्ही घरी बसलो. उभ्याने काम करणारा माणूस बसून राहिला की काय होते ते तुम्ही जाणता. पोट सुटले, साखर वाढली. डॉक्टर म्हणाले, "काका, गोळी देतो, पण चाला." आम्ही मान डोलावली आणि चार महिने चाललो नाही. म्हणजे चालत होतो असे आम्हाला वाटत होते. मुलाने मोबाईलमध्ये पावले मोजणारे ॲप टाकून दिले. पहिल्या दिवशी संध्याकाळी आकडा पाहिला, दोन हजार शंभर. आम्ही तर सांगत होतो की आम्ही दिवसभर हिंडत असतो! माणूस स्वतःबद्दल किती खोटे बोलतो, आणि तेही स्वतःलाच, हे त्या आकड्याने दाखवले. हा पहिला फायदा. आरसा समोर येतो.

आम्ही रोज पाचशे पावले वाढवत गेलो. सहा महिन्यांत साखर खाली आली, डॉक्टरांनी गोळी अर्धी केली. ही एकट्या आमची गोष्ट नव्हे. कंबरेला लावायच्या पावलांच्या मीटरवर अमेरिकेत २००७ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात २६ अभ्यास एकत्र तपासले होते. मीटर लावणाऱ्या माणसांचे चालणे-फिरणे सुमारे सत्तावीस टक्क्यांनी वाढले, रक्तदाबही थोडा उतरला. त्यातही ज्यांनी अमुक इतकी पावले असे लक्ष्य ठरवले होते, त्यांच्यातच ही वाढ ठळक दिसली. म्हणजे नोंद आणि लक्ष्य ह्यांनी माणूस हलतो, ह्याला आधार आहे.

दुसरा फायदा, सुरुवात करून देणे. आमच्या चाळीतल्या एका तरुणाने तंबाखू सोडली. गिरणीत तिसऱ्या पाळीला झोप येऊ नये म्हणून आम्ही सगळे तंबाखू मळायचो, आणि तीच सवय आमच्या पोरांनी न मागता वारशात घेतली. ह्या पोराच्या ॲपमध्ये दोन आकडे दिसत. किती दिवस झाले आणि किती पैसे वाचले. तो म्हणाला, "काका, तल्लफ आली की मी पैशाचा आकडा बघायचो. चार महिन्यांत पोरीच्या वह्यापुस्तकांचे पैसे निघाले." असा आकडा माणसाला बळ देतो. त्याला आम्ही कधीही नावे ठेवणार नाही.

तिसरा फायदा, शिकवणी परवडत नाही तिथे थोडे तरी शिकायला मिळते. आमची नात ड्युओलिंगोवर हिंदीतून इंग्रजी शिकली. पहिले तीन महिने ती घरात प्रत्येक वस्तूला इंग्रजी नाव द्यायची. आजीलाही दोन वाक्ये शिकवली. फुकट मिळाले आणि कोणी हसले नाही. आपल्या मुलांना वर्गात चुकीचे इंग्रजी बोलल्यावर किती हसे सोसावे लागते, हे ज्याने सोसले त्यालाच कळते. यंत्र हसत नाही.

आता दुसरी बाजू. ती सांगताना आम्हाला आमचीच लाज सांगावी लागणार आहे. पण विहारात उभे राहून लपवाछपवी करायची नसते.

आमचे एक जुने सोबती होते. चौदा वर्षे त्यांचे साचे आणि आमचे साचे शेजारी-शेजारी. धुळीने त्यांची छाती गेली होती. दोन वर्षांपूर्वी त्यांना दवाखान्यात ठेवले. त्यांच्या मुलाला रात्रपाळी होती म्हणून त्या रात्री आम्ही सोबतीला बसलो. तेव्हा आमची सलग हजेरी १६३ दिवसांची झाली होती. रोज दहा हजार, एकही खाडा नाही. रात्री साडेदहाला मोबाईल थरथरला. दोन हजार पावले बाकी, बारा वाजता दिवस संपणार. आम्ही सोबत्याला म्हणालो, जरा चहा घेऊन येतो. चहा घेतलाच नाही. दवाखान्याच्या लांब ओसरीत ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारल्या.

परत आलो तेव्हा ते उशीला टेकून बसले होते. दम लागला होता. मागे ते हाका मारत होते. पाणी हवे होते. शेजारच्या खाटेवरच्या माणसाच्या बायकोने उठून दिले. आमच्या हातात मोबाईल होता आणि पडद्यावर दहा हजार वीस पावले झाल्याबद्दल रंगीत कागदांचे तुकडे उडत होते. त्यांनी ते पाहिले. धापा टाकत म्हणाले, "गड्या, तू माझ्यासाठी आलायस का मीटर भरायला?"

अकरा दिवसांनी ते गेले. त्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला देता आले नाही, म्हणून आज तुमच्यापुढे देतो आहोत.

त्यानंतर आम्ही विचार करू लागलो की असे झाले कसे? आम्ही काही निर्दयी माणूस नाही. मग वाचायला लागलो, शिकलेल्या मुलांना विचारायला लागलो. जे समजले ते सांगतो.

पहिली गोष्ट, हे दहा हजार आले कुठून? आम्हाला वाटत होते, कोणा मोठ्या डॉक्टरने शोधून काढले असेल. तसे नाही. १९६५ साली जपानमध्ये एका कंपनीने पावले मोजायचे यंत्र बाजारात आणले. त्याचे नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचे मीटर. नाव जाहिरातीला बरे होते. तेच पुढे जगभर लक्ष्य होऊन बसले. २०१९ साली अमेरिकेत सोळा हजारांहून अधिक वयस्क स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचे सरासरी वय ७२. रोज सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण कमी दिसले, आणि साधारण ७,५०० च्या पुढे आणखी फायदा दिसला नाही. तो अभ्यास म्हाताऱ्या बायांचा होता, तरुणांना तोच आकडा लागू असे आम्ही म्हणत नाही. पण त्या रात्रीच्या दोन हजार पावलांशिवाय आमचे काहीही बिघडणार नव्हते, एवढे नक्की.

दुसरी गोष्ट, खाड्याची भीती. मिळाल्याच्या आनंदापेक्षा गमावल्याचे दुःख माणसाला जास्त लागते, हे काहनेमन आणि ट्व्हर्स्की ह्या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली मांडले. हजेरी भत्ता काढणाऱ्याला ते कोणत्याही पुस्तकाशिवाय ठाऊक असणार! ॲपमधला सलग दिवसांचा आकडा ह्याच भीतीवर उभा आहे. दिवस जितके जास्त, तितकी भीती मोठी. शेवटी शेवटी आम्ही तब्येतीसाठी चालत नव्हतो, १६३ चे १६४ व्हावेत म्हणून चालत होतो. गंमत बघा, ड्युओलिंगोवर तर खाडा झाला तरी आकडा टिकवायची सोय खेळातले हिरे मोजून विकत मिळते. म्हणजे भीतीही तेच घालणार आणि ताईतही तेच विकणार!

पण खरेच खाड्याने सवय मोडते का? लंडनच्या एका विद्यापीठातला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. ९६ माणसांनी रोज एक नवी साधी सवय लावायचा प्रयत्न केला. कोणी जेवणाबरोबर फळ खायचे, कोणी जेवणाआधी पळायचे. सवय अंगवळणी पडायला मधला आकडा ६६ दिवसांचा आला. पण कोणाला १८ दिवस लागतील असे दिसले, तर कोणाला २५४. लोक एकवीस दिवस म्हणतात, ते काही खरे नव्हे. आणि महत्त्वाचे म्हणजे, एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. खाडा म्हणजे शून्य, हा नियम शरीराचा नाही, ॲपचा आहे.

पाळीचेच बघा. ॲपचा दिवस रात्री बारा वाजता संपतो. तिसऱ्या पाळीच्या माणसाचा दिवस बाराला संपतो का? तो तर तेव्हा डबा उघडत असतो. आज आपली कितीतरी मुले रात्री सुरक्षारक्षक आहेत, गाडीवरून जेवण पोचवतात, कॉल सेंटरला जातात. त्यांची हजेरी त्या घड्याळात बसणार कशी?

तिसरी गोष्ट, बक्षिसाची. १९७३ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत एक प्रयोग झाला. चित्रे काढायची आवड असलेली लहान मुले घेतली. काहींना आधीच सांगितले, चित्र काढाल तर प्रशस्तिपत्रक मिळेल. काहींना काहीच सांगितले नाही. पुढे एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळेत कोण आपणहून चित्र काढते ते पाहिले. ज्यांना बक्षिसाचे आमिष दाखवले होते, त्यांचाच ओढा कमी झालेला. आवड होती तिथे आमिष आले, आणि आवडीची जागा आमिषाने घेतली.

आमच्या नातीचे तेच झाले. सुरुवातीला ती आजीला वाक्ये शिकवायची. सात-आठ महिन्यांनी पाहिले तर रात्री पावणेबारा वाजता, डोळे मिटत असताना, सगळ्यात सोपा जुना धडा चटचट दाबून मोकळी व्हायची. आम्ही विचारले, "बाळ, आज नवीन काय शिकलीस?" म्हणाली, "आजोबा, आज शिकायचं नव्हतं, आज फक्त आकडा वाचवायचा होता." पोर खरे बोलली. मीटर फिरत होते आणि कापड निघत नव्हते.

चौथी गोष्ट, मीटर वाचतो कोण? ड्युओलिंगोची कंपनी २०२१ साली अमेरिकेच्या शेअर बाजारात उतरली. दर तिमाहीला ती भागधारकांना सांगते की रोज ॲप उघडणारी माणसे किती. आपण आपले दिवस मोजतो, आणि वर बसलेला कोणी आपल्याला मोजतो. तो काही पाप करतो असे नाही, तो त्याचा धंदा आहे. पण रोज उघडणे हे त्याचे उत्पादन आहे, शिकणे हे आपले. दोन्ही एकच आहेत असे समजू नये.

शिवाय ह्या वहीत आपण काय-काय लिहितो ते पाहा. वजन, साखर, झोप, व्यसन, बायांची पाळी. पाळीची नोंद ठेवणारे फ्लो नावाचे एक ॲप कोट्यवधी बाया वापरतात. खासगी ठेवू असे सांगून त्यांनी ही माहिती फेसबुक-गूगलसारख्या कंपन्यांपर्यंत पोचवली, असा आरोप अमेरिकेच्या सरकारी आयोगाने ठेवला आणि २०२१ साली त्यात तडजोड झाली. आपल्याकडे २०२३ साली माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने केला आहे. पण कायदा वाचवायला येईपर्यंत माहिती गेलेली असते. म्हणून भगिनींनो, जे शेजारणीला सांगणार नाही ते ॲपला सांगताना दोनदा विचार करावा.

आता आपण विहारात बसलो आहोत, म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. तुमच्यापैकी पुष्कळांना ती माहीत आहे. सोण कोलिविस नावाचे भिक्खू होते. श्रीमंत घरातले, तळपाय कोवळे. साधनेत मागे पडू नये म्हणून ते चंक्रमण करत राहिले, इतके की पायांतून रक्त आले. तरी मनासारखी प्रगती होईना, तेव्हा घरी परत जावे असे त्यांच्या मनात आले. भगवंतांनी त्यांना रागे भरले नाही. एवढेच विचारले की घरी असताना तू वीणा वाजवायचास ना, मग तार फार ताणली तर ती वाजते का, आणि फार सैल सोडली तर वाजते का?

आम्ही वीणा वाजवली नाही, पण साचा चालवला आहे. ताणा फार ताणला तर धागे तटातट तुटतात, सैल सोडला तर कापडाला झोळ पडतो. ताण नको असे विणकर कधी म्हणत नाही. बेताचा ताण लावायचा आणि हाताने चाचपत राहायचे. यंत्राला हे चाचपणे येत नाही. ते माणसानेच करायचे.

आता युवा मंडळाच्या सूचनेकडे येतो.

मुलांनो, नोंद ठेवा, जरूर ठेवा. आपल्या समाजाला शिस्त नको असे कोण म्हणेल? पण फळ्यावर क्रम लावू नका, अशी आमची हात जोडून विनंती आहे. कारण सांगतो. आमच्या आजोबांच्या काळी आपल्या लोकांना साचेखात्यात घेतच नसत. नवी कांडी घातली की धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढावा लागे. आपल्या तोंडाचा विटाळ व्हायचा ना! म्हणून चांगल्या मजुरीचे खाते आपल्याला बंद. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न धसास लावायचा प्रयत्न केला. आता सांगा, ज्याला साच्यापर्यंत पोचूच दिले नाही, त्याच्या आणि साच्यावरच्या माणसाच्या मीटरची बरोबरी करून काय कळणार?

आपल्या अभ्यासिकेतही सगळ्यांना सारखा साचा मिळालेला नाही. एक मुलगी सकाळी आईबरोबर चार घरची भांडी घासून येते. एक मुलगा रात्री एकपर्यंत गाडीवर असतो. एकाच्या घरात मोबाईल एकच, तो बाप कामावर घेऊन जातो. ह्यांचे नाव फळ्यावर कायम खाली राहणार. त्यांनी दोन तास केलेला अभ्यास दुसऱ्याच्या सहा तासांएवढा असेल, पण ते मीटरला दिसणार नाही. आणि तळाला नाव लागलेले पोर तिसऱ्या महिन्यात अभ्यासिकेची पायरी चढायचे बंद होते. आपण अभ्यासिका काढली ती कोणासाठी? त्याच पोरांसाठी ना?

म्हणून आमची सूचना अशी.

ज्याला ॲप वापरायचे त्याने वापरावे, पण स्वतःपुरते. सुरुवातीला दोन-तीन महिने टेकू म्हणून घ्यावे. इमारत उभी राहिली की परांची काढतात, तसे पुढे ते काढून बघावे. ॲप काढल्यावरही सवय टिकली तर ती तुमची, मोडली तर ती ॲपची होती असे समजावे आणि पुन्हा सुरुवात करावी.

लक्ष्य आपल्या अंगाप्रमाणे आणि पाळीप्रमाणे ठरवावे. आठवड्यातून एक-दोन खाडे धरूनच हिशेब करावा. गजर आणि थरथर बंद ठेवावी. अभ्यासाची नोंद तासांची नको, आज काय समजले त्याची एक ओळ लिहावी. तो आकडा खोटा भरता येत नाही.

आणि अभ्यासिकेत एक साधे हजेरीचे रजिस्टर ठेवावे. क्रम नाही, गुण नाही, बक्षीस नाही. पण एखादे पोर सलग तीन दिवस दिसले नाही, तर चौथ्या दिवशी आपल्यापैकी कोणीतरी त्याच्या घरी जावे आणि विचारावे, "काय रे, बरा आहेस ना? काही अडचण?" गिरणीत खाडा झाला की चार्जशीट यायची. विहारात खाडा झाला की माणूस यावा. हे काम कोणतेही ॲप करणार नाही. पहिली दोन वर्षे घरोघरी जायची जबाबदारी आम्ही घेतो, तसे समितीला लिहून दिले आहे.

आम्ही आजही रोज चालतो. मोबाईल घरी ठेवतो. किती पावले होतात ते ठाऊक नाही, पण साखर ताब्यात आहे. वाटेत त्या सोबत्यांचे घर लागते. त्यांच्या घरच्या बाई एकट्याच असतात. तिथे थांबतो, पाण्याचा पिंप भरून देतो, दोन शब्द बोलतो. त्या थांबण्यात पावले मोडतात. मोडू द्यावीत.